न तपासलेली तिसरी वाट

घरातला वायफाय प्रिंटर लॅपटॉपवरून दिलेली प्रिंट निमूटपणे काढतो. राउटरशेजारचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरची सामायिक साठवण, त्याच लॅपटॉपवर लगेच उघडतो. पण विम्याची पॉलिसी किंवा जुना फेरफार काचेवर ठेवून 'स्कॅन टू नेटवर्क फोल्डर' दाबलं, की प्रिंटरच्या इवल्या पडद्यावर 'जोडणी झाली नाही' एवढंच उमटतं. प्रिंटर ठीक, नॅस ठीक, वायफाय ठीक, मग बिघाड कुठे?

या प्रश्नातच एक गृहीत दडलेलं आहे. लॅपटॉपकडून प्रिंटरकडे जाणारी एक वाट, लॅपटॉपकडून नॅसकडे जाणारी दुसरी. रोज आपण या दोनच वाटा वापरतो आणि त्या मोकळ्या आहेत हे आपल्याला ठाऊक असतं. प्रिंटरकडून नॅसकडे जाणारी तिसरी वाट मात्र स्कॅनखेरीज कोणी वापरतच नाही. पहिल्या दोन सुरळीत आहेत यावरून तिसरीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

शिवाय तिसऱ्या वाटेवर प्रिंटरची भूमिकाच पालटते. छपाईच्या वेळी तो जागेवर बसून ऐकतो. पुढाकार लॅपटॉपचा असतो. फोल्डरवर स्कॅन करताना त्याला स्वतः निघावं लागतं. नॅसचं नाव शोधायचं, पत्ता गाठायचा, समोरच्याला कळेल अशा भाषेत बोलायचं, वापरकर्तानाव आणि पासवर्ड द्यायचा आणि लिहिण्याची परवानगी मिळवायची. लॅपटॉप हे सगळं आपल्या नकळत करतो. प्रिंटरही तेच करू पाहतो, पण त्याचं फर्मवेअर अनेकदा खरेदीच्या दिवसापासून तसंच राहिलेलं असतं.

दिशेचा हा फरक दोन राउटर असलेल्या घरांत सगळ्यात स्वच्छ दिसतो. फायबरवाल्याच्या डब्याचं वायफाय मागच्या खोलीत पोचत नाही, म्हणून आपण दुसरा राउटर आणून त्या डब्याला जोडतो. प्रिंटर जुन्याच वायफायवर राहतो. लॅपटॉप आणि नॅस नव्या राउटरच्या मागे जातात. लॅपटॉपला प्रिंटरचा आयपी पत्ता दिलेला असेल तर प्रिंट बिनदिक्कत निघते, कारण आतून बाहेर निघालेली जोडणी राउटर जाऊ देतो आणि तिचं उत्तरही आत आणून देतो. बाहेरून आपणहून आत येऊ पाहणारी जोडणी मात्र तो अडवतो. त्याच्या लेखी आपला प्रिंटर बाहेरचाच. छपाई होते आणि स्कॅन होत नाही, हे कोडं इथे पूर्ण सुटतं, आणि त्यात एकही यंत्र बिघडलेलं नसतं. प्रिंटरचा नेटवर्क अहवाल छापून पाहावा. त्याचा पत्ता १९२.१६८.१ ने आणि नॅसचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर बहुधा हीच गोष्ट आहे. प्रिंटर नव्या वायफायवर आणावा, नाहीतर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क न करता, चालवावा. अहवालात १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तिथे पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही.

नावाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. लॅपटॉपला नॅस नावाने सापडतो, कारण नाव शोधण्याचे अनेक मार्ग त्याला येतात. प्रिंटरला त्यातला एखादाच येत असतो. म्हणून प्रिंटरमध्ये नावाऐवजी आयपी पत्ता भरावा आणि राउटरमध्ये तो पत्ता नॅससाठी राखून ठेवावा. नाहीतर वीज जाऊन आली, राउटरने पत्ते नव्याने वाटले, की कालपर्यंत चालणारं स्कॅनिंग आज बंद पडतं.

खरा गुंता भाषेचा आहे. नेटवर्कवरच्या फोल्डरशी बोलण्याच्या या भाषेला एसएमबी म्हणतात. तिची मुळं १९८० च्या दशकातल्या आयबीएममध्ये आहेत. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली, आणि दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर आली. बहुतेक घरगुती नॅसमध्ये हे काम सांबा हे मुक्त सॉफ्टवेअर करतं, ज्याची सुरुवात अँड्र्यू ट्रिजेल यांनी ऑस्ट्रेलियात १९९२ च्या सुमारास केली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरलं, ते मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडातून. ब्रिटनची सार्वजनिक रुग्णालयं त्यात अडकली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून विंडोज १० नव्याने बसवताना पहिली आवृत्ती मुळातच बंद येऊ लागली. २०१९ मध्ये सांबाच्या ४.११ नेही ती मुळात बंद ठेवली. ही पावलं योग्यच होती. पण जुन्या ऑल-इन-वन प्रिंटरांना पहिल्या आवृत्तीखेरीज काही येतच नाही. म्हणून नॅस अपडेट केल्याच्या दुसऱ्या दिवशी स्कॅनिंग थांबतं, आणि छपाईचा या भाषेशी संबंध नसल्यामुळे ती मात्र चालू राहते. दोष प्रिंटरच्या माथी मारला जातो, खरं तर बदललेला असतो नॅस.

मग तिसऱ्या वाटेवर काय चाललंय ते पाहायचं कसं? प्रिंटरचा पडद्यावरचा संदेश दहा कारणांना एकच असतो, त्याच्यावर विसंबू नये. नॅसची लॉग नोंद उघडून मग स्कॅनचं बटण दाबावं. लॉगिन नाकारल्याची नोंद उमटली तर वाट मोकळी आहे, भाषाही जुळली आहे. चूक बहुधा वापरकर्तानावात किंवा पासवर्डात आहे. नोंदच नसेल तर प्रिंटर पोचलेला नाही, किंवा पोचला पण भाषा जुळली नाही. या दोहोंतला फरक कळण्यासाठी नॅसवर तात्पुरतं एफटीपी, म्हणजे फाइली पाठवण्याची दुसरी एक भाषा, चालू करून प्रिंटरला तो मार्ग द्यावा. एफटीपीवर स्कॅन पोचलं, तर गुन्हेगार एसएमबीची आवृत्तीच.

पासवर्डाच्या बाबतीत एक फसवी गोष्ट घडते. क्यूनॅपसारख्या नॅसमध्ये अशी सोय असते की ठरावीक चुकीच्या प्रयत्नांनंतर तो आयपी पत्ताच अडवला जातो. आपण पासवर्ड दुरुस्त करतो, प्रिंटर तरीही नापास होतो, आणि दुरुस्ती चुकली असं वाटून आपण नीट असलेल्या गोष्टी बदलायला लागतो. आधी अडवलेल्या पत्त्यांची यादी पाहावी.

प्रिंटर जुनाच असेल तर काय करावं, यावर माझं मत ठाम आहे. आधी कंपनीचं नवं फर्मवेअर आहे का ते बघावं. नसेल तर स्कॅनसाठी पहिली आवृत्ती पुन्हा उघडू नये. घरातले सगळे फोटो आणि कागद ज्या पेटीत आहेत, तिचं संरक्षण एका बटणाच्या सोयीसाठी कमी करणं परवडणारं नाही. एफटीपी ठेवावं, पण त्यात पासवर्ड उघडा जातो, म्हणून ते घरच्या नेटवर्कपुरतंच ठेवावं, इंटरनेटवरून कधीही उघडू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी प्रिंटरला आपला ॲडमिन पासवर्ड देऊ नये. नॅसवर त्याच्यासाठी वेगळा वापरकर्ता करावा आणि त्याला एकाच फोल्डरमध्ये लिहायची परवानगी असावी. त्या नावाने लॅपटॉपवरून शिरून एक फाइल ठेवून बघावी, म्हणजे परवानगीचा संशयही मिटतो. स्कॅन झालेले कागद त्या फोल्डरमधून वेळोवेळी दुसरीकडे हलवावेत. हा पासवर्ड प्रिंटरच्या स्मृतीत राहतो, तेव्हा प्रिंटर विकताना किंवा भंगारात देताना आधी फॅक्टरी रीसेट करावं आणि नॅसवरचा तो वापरकर्ता काढून टाकावा.