पैसे मिळाले, पण कोणाला?

वर्सोव्याच्या मासळी बाजारात पापलेटाचा वाटा ठरतो, घासाघीस संपते आणि गिऱ्हाईक फोन काढते. बोरिवली स्टेशनबाहेर मेथीच्या जुडीपाशी, मुलुंडला पाच रस्त्याजवळ गजऱ्याच्या टोपलीपाशी, घाटकोपरला पोळीभाजी केंद्राच्या खिडकीपाशी हेच घडते. पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोड स्कॅन होतो आणि पैसे सुटण्याआधी पडद्यावर एक नाव उमटते. माल निवडून देणारी, भाव ठरवणारी, पहाटेपासून राबणारी बाई समोर बसलेली असते. पडद्यावरचे नाव मात्र बऱ्याचदा पुरुषाचे असते. मुलाचे, नवऱ्याचे, दिराचे, क्वचित शेजारच्या दुकानदाराचे.

३० जून २०२५ पर्यंत सगळ्या यूपीआय अ‍ॅपनी बँकेत नोंदलेले नावच दाखवावे, असा नियम नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने केला. फसवणूक टळावी हा त्यामागचा हेतू. त्यामुळे आता पडद्यावर दिसणारे नाव म्हणजे पैसे ज्याच्या खात्यात जाणार त्याचेच नाव. ते आपण रोज वाचतो, बरोबर आहे ना म्हणून बाईला विचारतो, ती मान डोलावते आणि आपण पुढे जातो. माझे म्हणणे असे की इथे थांबायला हवे. फोनने पैसे देण्याची सोय उपनगरांत घरोघर, गाडीगाडीवर पोचली. पण बाईच्या कमाईची मालकी त्या वाटेने तिच्या हातून निसटू लागली आहे. निसटते ती कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. खाते कोणाच्या नावाने काढायचे हे घाईत ठरले, एवढ्यानेच.

आधी या व्यवस्थेचे देणे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. यूपीआयची सुरुवात ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईतच झाली. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी २१ बँकांसह तिची चाचणी सुरू केली. ती चालवणाऱ्या कॉर्पोरेशनचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे घाटकोपरपासून हाकेच्या अंतरावर आहे. कोणत्याही बँकेच्या खातेदाराने कोणत्याही अ‍ॅपमधून कोणालाही पैसे पाठवावेत, हे तिचे बळ. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेण्यासाठी दुकानदाराकडून व्यवहारशुल्क घेतले जात नाही. कार्डाचे यंत्र ज्यांना कधीच परवडले नसते, त्यांच्यापुढे एक छापील कागद पुरला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातले व्यवहार दोन हजार कोटींच्या वर गेले. सुट्ट्या पैशांची रोजची कटकट मिटली, फाटक्या नोटा खपवणे संपले आणि रात्री गर्दीच्या लोकलमध्ये पिशवीतली कमाई सांभाळत बसण्याची धास्ती कमी झाली. ही सुखे खरी आहेत आणि ती बायकांच्याही वाट्याला आली आहेत.

अडचण व्यवस्थेच्या दारातच आहे. यूपीआयचे अ‍ॅप सुरू होते ते बँकेत नोंदलेल्या मोबाइल क्रमांकावर, आणि त्याच क्रमांकाचे सिम त्या फोनमध्ये असावे लागते. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण याचा अर्थ असा, की जिच्याकडे स्वतःचा फोन नाही, किंवा जिच्या बँक खात्याला मुलाचा क्रमांक जोडलेला आहे, तिला या दारातून स्वतःच्या नावाने आत जाता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले गेले. स्वतः वापरत असलेले बँक खाते सुमारे ७९ टक्के स्त्रियांकडे होते. स्वतः वापरत असलेला मोबाइल सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे. या दोन आकड्यांमधल्या फटीत आपली भाजीवाली बसली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या बायका तर त्या मोजणीतही नव्हत्या, आणि बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्यांत त्याच पुष्कळ दिसतात. कोड लावून द्यायला कंपनीचा माणूस आला तेव्हा ज्याच्या हातात स्मार्टफोन होता, त्याच्या नावाने कोड निघाला. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

यात काय बिघडले, हे कळायला रोख पैशाचे बाईच्या आयुष्यातले स्थान आठवावे लागते. कनवटीचा बटवा ही बाजारात बसणाऱ्या बाईची सत्ता होती. संध्याकाळी त्यातून उद्याच्या मालाचे पैसे ती वेगळे काढी, भिशीचा हप्ता बाजूला ठेवी, घरखर्चाचे मोजून देई आणि थोडे कोणालाही न सांगता डब्याच्या तळाशी ठेवी. नवरा व्यसनी असला तर त्या न सांगितलेल्या पैशांवरच मुलांची फी भरली जाई. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा असे कितीतरी डबे उघडे पडले. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींबद्दल विचारणा होणार नाही, असे सरकारला जाहीर करावे लागले. बायकांची अशी गुप्त बचत या देशात किती रुजलेली आहे, याची ती एका अर्थाने सरकारी कबुलीच होती.

आता कमाई दिवसभर मुलाच्या खात्यात पडत राहते. बाजूला ठेवलेली पेटी प्रत्येक वेळी मोठ्याने सांगते की इतके रुपये मिळाले. पैसे आल्याची खूण बाईला कळते, पैसे मात्र तिच्यापर्यंत येत नाहीत. पहाटे भाऊच्या धक्क्यावर किंवा दादरच्या भाजी मंडईत माल उचलायचा असतो, तेव्हा तिला मुलाकडे मागावे लागते. मुलगा झोपेत असतो, किंवा खात्यातून त्याच्या मोटारसायकलचा हप्ता कापला गेलेला असतो. तो चोर नसतो. त्याच्या लेखी सगळे घरातलेच पैसे असतात. पण कालपर्यंत जी ठरवत होती, ती आज विचारते. एवढ्याशा बदलाने घरातली माणसाची जागा बदलते.

कोणी म्हणेल, कुटुंबात माझे-तुझे कशाला? हा युक्तिवाद मला मान्य नाही, कारण तो नेहमी एकाच बाजूने केला जातो. मुलाचा पगार आईच्या खात्यात जमा होऊ दे, असे घरात सहसा कोणी सुचवत नाही. शिवाय आजच्या काळात व्यवहाराची नोंद हीच मालमत्ता झाली आहे. जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. पहिले कर्ज १० हजारांचे होते, २०२५ मध्ये ते १५ हजारांचे झाले. वेळेवर फेडले तर पुढचे मोठे कर्ज मिळते आणि डिजिटल व्यवहारांवर कॅशबॅकही. ज्यांच्याकडे ना परवाना ना हक्काची जागा, त्यांच्या धंद्याचा पुरावा म्हणून बँकेतली ही रोजची ये-जा कामी येऊ शकते. पण वीस-तीस वर्षे फुटपाथवर बसलेल्या बाईची उलाढाल मुलाच्या खात्यात दिसत असेल, तर कागदावर धंदा त्याचा आणि ती बिनकामाची. उद्या तिला कर्ज हवे असेल तेव्हा दाखवायला तिच्यापाशी काहीच नसेल.

उलट वाटही दिसते आहे. जुलै २०२४ पासूनच्या लाडकी बहीण योजनेत महिन्याचे १५०० रुपये स्त्रीच्या स्वतःच्या, आधार जोडलेल्या खात्यातच जमा होतात. योजनेबद्दल मतभेद असू शकतात. पण त्या एका अटीपायी कितीतरी बायका खाते उघडायला, बंद पडलेले चालू करायला बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. सरकार पैसे देताना खाते बाईचेच असावे असा आग्रह धरू शकते, तर तिचे स्वतःचे कष्टाचे पैसे घेताना तो का नसावा?

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. कोड देताना धंद्यावर प्रत्यक्ष कोण बसते हे कंपनीच्या माणसाने विचारावे आणि त्याच व्यक्तीच्या खात्याला तो जोडावा. पैसे आल्याचे पेटी सांगतेच, त्यामुळे घेण्यासाठी बाईने सतत फोन पाहण्याची गरज उरत नाही. साध्या बटणांच्या फोनवरून पैसे पाठवण्यासाठी मार्च २०२२ पासून यूपीआय १२३पे आहे. ते बाजारात जाऊन शिकवणारा कोणी हवा. मुलाला खर्चायला पैसे लागतात हे खरेच आहे. त्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये यूपीआय सर्कल आले. त्यात खातेदार घरच्या माणसाला आपल्या खात्यातून महिन्याला १५ हजारांपर्यंत खर्च करण्याची मुभा देऊ शकतो. त्यासाठी आईकडे साधासा का होईना, स्मार्टफोन लागेल. पण एकदा तो आला, की खाते आईचे आणि मुभा मुलाला, अशी मांडणी होते. तंत्राला ती चालते. घराला चालवून घ्यावी लागेल.

महिला बचत गट, कोळी समाजाच्या संस्था, फेरीवाल्यांच्या संघटना यांना उपनगरांत याहून निकडीचे आणि हाताशी असलेले काम क्वचितच सापडेल. प्रत्येक बाजारात एक दुपार बसायचे, बायकांची पासबुके पाहायची, कोणाचा क्रमांक जोडला आहे ते तपासायचे आणि तो बदलण्याचा अर्ज भरून द्यायचा. कोणाला पिन सांगायचा नाही, पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, फसवणूक झालीच तर १९३० वर फोन करायचा, हेही त्याच बैठकीत सांगता येईल. आणि ज्या बाईला रोखच बरी वाटते, तिच्याकडून विकत घेताना आपण खिशात नोटा ठेवाव्यात. तिची निवड मागासपणाची खूण समजू नये; तिने आपल्या कमाईवरचा ताबा जपलेला असतो.

फोनच्या पैशाचे मोजमाप आपण आजवर व्यवहारांच्या संख्येने केले, आणि तो विक्रम अभिमानाचाही आहे. यापुढचे मोजमाप वेगळे असावे. बाजारात बसणाऱ्या किती बायकांच्या कोडवर त्यांचे स्वतःचे नाव येते, हा आकडा महापालिकेने, बँकांनी आणि कॉर्पोरेशनने शोधून जाहीर करावा. राबणारीच्या नावावर तिची कमाई जमा होत नसेल, तर कितीही वेगाने फिरलेल्या पैशाला मी प्रगती म्हणणार नाही.