खांद्यावरची पालखी आणि खांद्यावरची झोळी

सज्जनहो, मातापित्यांच्या सेवेत असताना पुंडलिकाने प्रत्यक्ष परब्रह्म विटेवर उभे करून ठेवले. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यावयाची गंगा तहानेल्या गाढवाच्या मुखी घातली. या कथा आपण ऐकतो, टाळी वाजवितो. आज त्यांचा अर्थ नंदुरबार जिल्ह्यात लावून पाहू.

धडगाव आणि अक्कलकुवा हे सातपुड्यातले तालुके. डोंगरावर विखुरलेले पाडे. कित्येकांना अजून गाडीवाट नाही. तेथे बाळंतीण अडली की बांबूला कापड बांधून झोळी करतात आणि तिला खांद्यावर घेऊन रस्ता गाठतात. १०८ ची गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून धावते, पण रस्ता संपला की तीही थांबते. मोठे रुग्णालय म्हणाल तर ते तापीपार, थेट नंदुरबारला.

आपणही खांद्यावर पालखी घेतो. आषाढीच्या वाटेवर आपल्याकरिता दवाखाने असतात, रुग्णवाहिका असतात. ते योग्यच. पण पालखीत ज्यांच्या पादुका, त्या संतांनी प्राणिमात्रात देव पाहावयास सांगितले. मग त्या झोळीत कोण कण्हत आहे?

कोणी म्हणेल, "महाराज, ज्याचे त्याचे प्रारब्ध!" अहो, आपले पोर तापाने फणफणले म्हणजे आपण प्रारब्ध म्हणून बसतो का? डॉक्टरकडेच पळतो ना?

शिवाय औषधोपचार ही कोणाची मेहेरबानी नव्हे. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग होय, पैशाची अडचण ही सबब नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका प्रकरणात सांगितले. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले. नंदुरबारला २०२०-२१ पासून वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण औषध पायथ्याशी आणि रोगी डोंगरमाथ्यावर, तर त्या हक्काचे करावे काय?

म्हणून आमची विनंती एवढीच. गावोगावच्या माळकऱ्यांनी ग्रामसभेत उठून विचारावे: आरोग्य केंद्रात रात्री डॉक्टर असतो का? सर्पदंशाची लस आहे का? पाड्यापर्यंत रस्ता केव्हा होणार? उत्तर मिळेपर्यंत पुन्हा विचारावे. एकादशी जशी चुकवीत नाही, तशी ग्रामसभाही चुकवू नये. आणि तोवर झोळी दिसली तर खांदा द्यावा. तीही पालखीच आहे.

रामकृष्णहरि!