सावकाश जाण्याची परीक्षा

परीक्षा घेणे हा माझा धंदा आहे. स्वतः मी मॅट्रिकपलीकडची एकही परीक्षा दिलेली नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ती द्यावी लागत नाही, हे त्या धंद्याचे एक सुख. पण गेली वीस वर्षे शाळेत दुसऱ्यांच्या परीक्षा मात्र मी मन लावून घेत आलो आहे, आणि त्यामुळे जगात कुठे कोण कसली परीक्षा घेते हे वाचण्याचा मला नादच लागला आहे. आजवर वाचनात आलेल्या परीक्षांमध्ये मला सर्वांत शहाणी वाटलेली परीक्षा पंडितांची नाही की कारकुनांची नाही. ती जपानातल्या मोटारसायकलवाल्यांची आहे.

जपानात चारशे सीसीहून मोठी मोटारसायकल चालवायची तर तिचा परवाना निराळा. तो मागायला आलेल्या माणसाला परीक्षेच्या मैदानात एका फळीवरून गाडी न्यावी लागते. फळी म्हणजे जमिनीपासून पाच सेंटिमीटर उंच असा एक चिंचोळा पट्टा. लांबी पंधरा मीटर, रुंदी तीस सेंटिमीटर. यात काय मोठेसे, असे आपल्याकडचा कुठलाही पोरगा म्हणेल. जरा कान पिळला की दोन सेकंदांत पलीकडे! पण खरी गोम तिथेच आहे. फळी किती लवकर ओलांडली हे तिथे बघत नाहीत, किती उशिरा ओलांडली ते बघतात. मोठ्या गाडीवाल्याने त्या फळीवर निदान दहा सेकंद काढले पाहिजेत. आधी उतरला तर गुण कापले जातात, आणि चाक फळीवरून खाली आले तर त्या दिवशीची परीक्षाच संपली. चारशे सीसीपर्यंतच्या गाडीला हीच मुदत सात सेकंदांची आहे. म्हणजे गाडी जितकी दांडगी, तितके तिला सावकाश नेता आले पाहिजे. दहा सेकंदांत पंधरा मीटर म्हणजे बाजाराला निघालेल्या माणसाची चाल झाली. दोनशे किलोंचे यंत्र, क्लच अर्धा धरलेला, मागच्या ब्रेकवर पायाचा हलका दाब, नजर लांब, आणि बाजारहाटाची चाल! वेगाने जाणारी गाडी आपला तोल आपणच सांभाळते. सावकाश जाणारीचा तोल माणसाला सांभाळावा लागतो.

तिथल्या शिकवणाऱ्या शाळांमध्ये आणखी एक पाठ असतो. आडवी पडलेली मोठी गाडी एकट्याने उचलून उभी करायची. ज्याला ती पडल्यावर उचलता येत नाही त्याने तिच्यावर बसू नये, इतका हा सरळ हिशेब आहे.

याचा इतिहासही मास्तरांनी ध्यानात घ्यावा असा आहे. १९७५ साली जपानने चारशे सीसीवरच्या गाड्यांचा परवाना वेगळा काढला. पण तो मिळवून देण्याची मुभा शाळांना दिली नाही. उमेदवाराने थेट सरकारी केंद्रावर जायचे, परीक्षा द्यायची, नापास व्हायचे, पुन्हा जायचे. फार थोडे लोक उत्तीर्ण होत. शिकवायचे नाही आणि परीक्षा मात्र कठीण घ्यायची, हा प्रकार आमच्या धंद्यात सर्वांत वाईट समजला जातो (आणि सर्वांत जास्त चालतो). १९९६ साली नियम बदलला. लहान गाडीचा परवाना ज्याच्यापाशी आहे त्याने मान्यताप्राप्त शाळेत बारा तास प्रत्यक्ष शिकावे आणि तिथेच परीक्षा द्यावी, अशी सोय झाली. फळी मात्र तशीच राहिली.

युरोपात याच प्रश्नाला पायऱ्यांचे उत्तर दिले आहे. १२५ सीसी आणि ११ किलोवॉटपर्यंत पहिली पायरी, ३५ किलोवॉटपर्यंत दुसरी, आणि दुसरीवर दोन वर्षे काढली म्हणजे तिसरी, ज्या गाडीला मर्यादा नाही तिची. थेट तिसरी पायरी चढायची तर साधारणपणे वयाची चोवीस वर्षे पुरी व्हावी लागतात. ही व्यवस्था २०१३ पासून तिथे सगळीकडे लागू आहे.

आणि आपल्याकडे? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलींचे दोन वर्ग आहेत : बिनगिअरची आणि गिअरची. अठरा वर्षे पुरी झाली, शिकाऊ परवाना निघाला, महिना गेला, कुणाची तरी शंभर सीसीची गाडी मागून आणून मैदानात आठचा आकडा काढून दाखवला, की झाले. तो परवाना दूधवाल्याच्या आठ अश्वशक्तीच्या गाडीलाही चालतो आणि दोनशे अश्वशक्तीच्या अजस्र यंत्रालाही चालतो. चेन्नईजवळ तयार होणारी रॉयल एनफील्डची ६५० सीसीची इंटरसेप्टर घ्या. सत्तेचाळीस अश्वशक्तीची ही गाडी युरोपात मधल्या पायरीवर बसते, जपानात मोठी ठरते, आणि ज्या देशात ती जन्मली तिथे ती नुसती ‘गिअरची मोटारसायकल’ आहे.

सरकारला मोठी गाडी आणि लहान गाडी यांतला फरक दिसत नाही असे मात्र कुणी समजू नये. सप्टेंबर २०२५ पासून साडेतीनशे सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवर अठरा टक्के वस्तू व सेवा कर आहे आणि त्याहून मोठीवर चाळीस टक्के. कर घेताना रेघ अगदी स्वच्छ दिसते. परवाना देताना ती पुसट होते. आणि वयाचीही एक मौज आहे. आपल्या कायद्याप्रमाणे मुलगा अठराव्या वर्षी दोनशे अश्वशक्तीवर मांड टाकू शकतो, पण बोहल्यावर उभा राहायला त्याला एकवीस वर्षे पुरी करावी लागतात. लग्न हे मोटारसायकलीपेक्षा धोक्याचे, असे लोकसभेचे मत दिसते, आणि वाचकांतले निम्मे लोक त्याला मान डोलावतील.

हा विषय माझ्या डोक्यात घोळू लागला तो आमच्या गावातल्या एका एस.टी. ड्रायव्हरमुळे. त्यांचा मुलगा माझा विद्यार्थी. आता पुण्याला नोकरीला आहे. पहिल्या दोन वर्षांच्या शिलकीतून त्याने मोठी मोटारसायकल घ्यायची ठरवली आणि घरात वादळ झाले. एका संध्याकाळी वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, मला सांगा. मला हातात एस.टी. द्यायच्या आधी वर्षभर हलक्या गाडीचं लायसन मुरवायला लावलं. वयाची अट. मग ट्रेनिंग. मग टेस्ट. मग जुन्या ड्रायव्हरच्या डोळ्यांखाली फेऱ्या. आणि याला दुकानदारानं अर्ध्या तासात फेरी मारायला किल्ली दिली! गाडी कुणाला देतात, मास्तर? माणसाला का पैशाला?”

त्यांचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. आपलाच कायदा व्यापारी वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाच्या परवान्याची एक वर्षाची मुरवण मागतो, आणि वीस वर्षांखालच्या माणसाला असे वाहन हाकू देत नाही. पायरीची कल्पना आपल्याला ठाऊक नाही असे नाही. चार चाकांवर दुसऱ्यांचे जीव असतात म्हणून आपण पायऱ्या बांधल्या. दोन चाकांवर बसणाऱ्याचा जीव त्याचा त्याचा, तो त्याने सांभाळावा, असा आपला एकंदर हिशेब दिसतो.

मुलाचा हिशेबही तोच होता. तो सुटीत आला तेव्हा मला भेटायला आला. अतिशय नम्र मुलगा. आजही वर्गात बसल्यासारखा अवघडून बसतो. पण बोलला ते नेमके बोलला. “सर, लायसन्स आहे माझ्याकडे. पैसे माझे आहेत. हेल्मेट, जॅकेट सगळं घेणार आहे. धोका आहे हे मला माहीत आहे, आणि तो मी पत्करतो. मग अडवायचा अधिकार कुणाला आहे?”

अधिकार! हा शब्द त्याने उच्चारला आणि मी जरा थांबलो. आज अधिकार म्हणजे हक्क. जो मागायचा, नाही मिळाला तर भांडून घ्यायचा. पण या शब्दाचे एक जुने बिऱ्हाड आहे. वेदान्तातल्या ग्रंथाचा आरंभ होतो तो विषय काय आहे हे सांगून आणि त्याचा ‘अधिकारी’ कोण हे सांगून. तिथे अधिकारी म्हणजे हक्कदार नव्हे. ज्याची तयारी झाली आहे तो. या शब्दाचा आपल्या समाजाने भयंकर गैरवापर केला हे मी विसरलेलो नाही. तयारी न बघता जात बघून अधिकार ठरवला आणि शतकानुशतके माणसांना दाराबाहेर ठेवले. म्हणून ‘पात्रता’ हा शब्द कुणी उच्चारला की माझ्या मनात आधी संशय येतो : ही पात्रता कोण मोजणार आणि कशाने? जपानी फळीचे मला कौतुक आहे ते यासाठी. ती बाप कोण, पैसा किती, असले काही विचारत नाही. दहा सेकंद विचारते.

धोका पत्करण्याचा मुलाचा मुद्दा मात्र सहज सोडून देण्यासारखा नाही. आगरकरांवर ज्याचा मोठा प्रभाव होता त्या जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ सालच्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात मोडक्या पुलाचे उदाहरण दिले आहे. पूल धोक्याचा आहे हे ठाऊक नसलेला माणूस त्यावर पाऊल टाकत असेल तर त्याला धरून मागे ओढावे. त्याला पाण्यात पडायचे नाही, म्हणून यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही. पण धोका नुसता संभाव्य असेल आणि तो त्याला कळला असेल, तर जाणे न जाणे त्याचे त्याने ठरवावे. माझ्या विद्यार्थ्याने मिल वाचलेला नाही, पण तो बोलत होता मिलचीच भाषा : मला कळले आहे, मला सोडा.

प्रश्न आहे तो ‘कळले आहे’ या दोन शब्दांचा. सत्तेचाळीस अश्वशक्ती हा आकडा त्याला कळला होता. तो त्याला गणितात पडलेल्या गुणांसारखा पाठ होता. पण ओल्या वळणावर मूठ जराशी जास्त पिळली गेली तर काय होते, उतारावर दोनशे किलो एका बाजूला कलू लागले की पायाला काय वाटते, हे शब्दांनी कळत नाही. ते अंगाला कळावे लागते. पुलाची पाटी वाचणे निराळे आणि पायाखाली फळी करकरणे निराळे. ज्याच्या अंगाला धोका ठाऊक नाही त्याने दिलेली संमती मला अजून अपुरी वाटते. शिक्षणाची सक्ती ही त्या संमतीला पुरी करण्याची सक्ती आहे. शिकून झाल्यावर जायचे की नाही हे त्याने खुशाल ठरवावे.

इथे शिक्षकाने शिक्षणाची फार थोरवी गाऊ नये, अशीही एक हकीकत आहे. नॉर्वेत नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे शिक्षण सक्तीचे केले होते. पुढे पाहणी झाली तेव्हा असे दिसले की तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात त्याने घटले नाहीत, उलट वाढले. घसरलेली गाडी सावरता येते हे कळल्यावर पोरे बेधडक घसरू लागली असावीत! म्हणजे शिक्षण कसले, हा प्रश्न उरतोच. पराक्रम शिकवणारे शिक्षण पराक्रमाची हौस वाढवते. कोल्हापूरकडच्या तालमीत नव्या पोराला वस्ताद आल्याबरोबर कुस्ती लावून देत नाहीत. आधी माती उकरायची, जोर-बैठका मारायच्या, जुन्यांना अंग द्यायचे. त्या महिन्यांत तो डाव थोडेच शिकतो. त्याची रग जिरते आणि दुसऱ्याचे वजन त्याच्या अंगाला कळते. फळीचे शिक्षण मला या जातीचे वाटते.

कुणी म्हणेल, मास्तर, हा श्रीमंतांच्या खेळण्याचा प्रश्न घेऊन बसलात. त्यात तथ्य आहे. २०२२ साली आपल्या देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली शेकडा चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. त्यांतल्या बहुतेकांनी मोठी मोटारसायकल कधी हातातही धरली नसेल. माझ्या हजेरीपटावरची दोन नावे मोटारसायकलीने नेली. दोन्ही वेळी गाडी लहान होती, आणि एक मुलगा तर नुसता मागे बसलेला होता. रस्त्यातला खड्डा आणि उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर परवाना बघत नाहीत. नवा कागद म्हणजे परवाना कचेरीबाहेरच्या टपरीत नवा एजंट, ही भीतीही खरी आहे. पण म्हणून मोठ्या गाडीची पायरी बांधू नये असे ठरत नाही. पोटासाठी गाडी मारणाऱ्या दूधवाल्याला वाट बघायला लावणे निराळे, आणि हौसेसाठी साडेतीन लाख मोजणाऱ्याला बारा तास शिकायला लावणे निराळे. चाळीस टक्के कर त्याने मुकाट भरला. बारा तासही तो भरील.

या दिवसांत घरोघरी ही पायऱ्यांची व्यवस्था न सांगता चाललेली असते, तिकडे जरा बघा. धाकट्याच्या हातात फुलबाजी, आणि त्या हातावर बापाचा हात. पुढच्या वर्षी फुलबाजी एकट्याने. मग भुईचक्र, मग लांब उदबत्तीने पेटवायचा भुईनळा. सुतळी बॉम्बपाशी जाण्याची परवानगी कधी मिळते? अमुक वर्षे झाली म्हणून नाही. वात पेटली की पळत न सुटता, मागे न बघता, चार पावले नीट चालत येतो, हे आईच्या ध्यानात आले म्हणजे मिळते. स्वयंपाकघरातही तेच, चकलीचा सोऱ्या पोरीच्या हाती लवकर येतो, कढईपुढचा पाट उशिरा येतो. यात स्वातंत्र्याचा भंग झाला अशी तक्रार मी आजवर ऐकली नाही. रुसवा ऐकला आहे, तो वेगळा.

मुलाला मी जपानच्या फळीची गोष्ट सांगितली. तो आधी हसला, मग विचारात पडला, आणि मग म्हणाला, “सर, दहा सेकंद म्हणजे फारच होतात हो.” गाडी त्याने घेतली, ती त्याची होती आणि घेणे त्याच्या हक्काचे होते. मात्र वडिलांशी त्याचा एक करार झाला आहे. घाट उतरायच्या आधी मैदान. आमच्या शाळेच्या पटांगणात फक्कीने पंधरा मीटरचा पट्टा आखला आहे, रुंदी एक फूट. रविवारी सकाळी तो गाडी घेऊन येतो, वडील पट्ट्याच्या टोकाशी उभे राहून चाक बघतात, आणि घड्याळ माझ्या हातात असते. पहिल्या दिवशी तीन सेकंद झाले होते, तेही एकदा रेषेबाहेर जाऊन. गेल्या रविवारी साडेसहा झाले. आता सुटीत पटांगण रोजच मोकळे आहे.