जबाबदारी कोणाची?



आपल्या दिघीतून कितीतरी जण रोज भोसरी-चाकणच्या कारखान्यांत जातात. तेथे वेल्डिंग आता यंत्रमानव करतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अशा यंत्रांना कायद्याने 'व्यक्ती' मानावे काय, हा प्रश्न पुढे आला आहे. २०१७ मध्ये युरोपीय संसदेने तसा विचार व्हावा असे सुचविलेही होते.

कायद्याला हे अगदीच नवे नाही. कंपनी ही कायद्याने व्यक्तीच; ती जमीन घेते, खटला लढते. तरीही आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने कंपनीच्या एका संचालकाला 'भोगवटादार' ठरवून कामगारांच्या सुरक्षिततेसाठी जबाबदार धरले. कारण कंपनीला तुरुंगात घालता येत नाही, तिला मनाची टोचणीही लागत नाही. यंत्राचेही तसेच. उद्या एखाद्याचा हात गेला आणि 'दोष यंत्राचा' म्हणून सारे मोकळे झाले, तर त्याच्या कुटुंबाने दाद कोणाकडे मागावी?

देवाने काइनला भावाविषयी विचारले, तेव्हा त्याने हात झटकले. देवाने मात्र त्याला सोडले नाही. देवाच्या प्रतिमेत घडलेल्या माणसालाच उत्तर द्यावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये 'अँटिक्वा एट नोव्हा' या निवेदनातून व्हॅटिकननेही हेच शिकविले: नैतिक जबाबदारी यंत्राची नव्हे, माणसाची.

म्हणून सुपरवायझर असो वा प्रोग्रॅमर, 'सिस्टीमने केले' असे म्हणण्यापूर्वी आपण क्षणभर थांबू या. आपल्या भावाबद्दलचा प्रश्न देव आपल्यालाच विचारणार आहे.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.