थव्यातील एक

शास्त्रपाठ : लूक १९:१-१०

हिवाळा लागला म्हणजे आपल्याकडील मोठ्या धरणांच्या पाण्यावर उत्तरेकडून कुरव पक्षी उतरतात. पुष्कळ जण त्यांना सीगल म्हणतात. काठावरून पाहिले तर सारे सारखेच. पांढरे अंग, करडे पंख. तपकिरी डोक्याचा कुरव व काळ्या डोक्याचा कुरव यांची डोकीही हिवाळ्यात पांढरीच असतात. कानापाशी एक गडद ठिपका तेवढा उरतो. म्हणून नुसत्या नावावर जाऊन भागत नाही. प्रौढ तपकिरी कुरवाचा डोळा फिकट, तर दुसऱ्याचा गडद. असल्या बारीक खुणांसाठी पक्षिनिरीक्षक दुर्बीण लावून एकेक पक्षी न्याहाळीत बसतो, आणि म्हणूनच एखादे दिवशी शेकडोंच्या थव्यातील दुर्मिळ पाहुणा त्याला आढळतो.

रेलिक्ट गल नावाच्या कुरवाची हकिकत मोठी बोधप्रद आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ लोनबर्ग यांनी १९३१ साली त्याचे वर्णन केले, परंतु दुसऱ्याच एका कुरवाची पोटजात म्हणून. पुढे कित्येकांनी त्याला दोन जातींचा संकर ठरविले. अखेर कझाकस्तानातील अलाकोल सरोवरावर त्याची वीण आढळली, आणि १९७१ साली औएझोव यांनी ही स्वतंत्र जात असल्याचे मांडले. चाळीस वर्षे तो पक्षी होता तसाच होता; माणसांना मात्र त्याची ओळख पटली नव्हती.

यरीहोच्या गर्दीने जक्कयाला असेच एक नाव देऊन ठेवले होते : पापी. प्रभू येशूने मात्र उंबराच्या झाडाखाली थांबून वर पाहिले व त्याला त्याच्या नावाने हाक मारली. पक्ष्याला बदलण्याची गरज नव्हती, जक्कयाला होती. तरीही प्रभूने त्याच्या पश्चात्तापाची वाट पाहिली नाही. हाक आधी आली, त्याच्या घरी उतरणे आधी ठरले; अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याची गोष्ट त्यानंतरची.

आपल्या मंडळ्यांत हा क्रम आपण पुष्कळदा उलटा करतो. घरी एक भाषा व शाळेत दुसरी बोलणारे मूल, दोन समाजांतील आईबापांचे लेकरू, नोकरीसाठी परगावाहून आलेले कुटुंब, यांना आपण ‘ना इकडचे, ना तिकडचे’ म्हणून मोकळे होतो. ती माणसे काही दिवस मागच्या बाकावर बसतात. मग येईनाशी होतात. हजेरीच्या आकड्यात एकच कमी होतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

संडेस्कूलच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी मुले मोजून झाल्यावर हजेरीपत्रक मिटू नका. ज्या मुलाविषयी आपल्याला नावापलीकडे काहीच ठाऊक नाही, असे एक नाव निवडा. त्या मुलाशी बोला, आठवड्यात त्याच्या घरी जा. आपण सर्वांनीही आपल्या बाकाच्या मागे वळून पाहावे. हरवलेले शोधावयास आलेला प्रभू आपल्याला थांबण्याचा धीर व ओळखणारी दृष्टी देवो. आमेन.