कुलूप कोणाच्या दाराला?

कुलूप घडविणाऱ्याने ते कोणाच्या दाराला लागणार याची चौकशी करावी काय? लोहाराला हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. गणितज्ञाला तर मुळीच नाही. गणित निष्पाप असते अशी आपली समजूत आहे. फिलिप रोगावे या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञांनी मात्र तो स्वतःलाच विचारला.

1991 साली एमआयटीतून डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत अध्यापन केले. विषय कूटशास्त्र, म्हणजे किल्ली नसणाऱ्यास वाचता येऊ नये असा मजकूर गुंफण्याचे शास्त्र. येथे एखादी पद्धत ‘फोडता येत नाही’ असे नुसते म्हणून भागत नाही. ती फुटली तर अमुक एक गणिती कोडेही सुटेल, आणि ते तर आजवर कोणाला सुटलेले नाही, अशी सिद्धता द्यावी लागते. 2001 साली रोगावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘ओसीबी’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. मजकूर झाकणे आणि वाटेत कोणी त्यात फेरफार केला काय हे ओळखणे, ही दोन्ही कामे ती जवळजवळ एकाच कामाच्या श्रमात उरकते. रोगावे यांनी तिची पेटंटे घेतली. पुढे त्यांनी ती विनामूल्य वापरण्याचे परवाने दिले, त्यांपैकी एकात अट होती: लष्करी कामासाठी नको.

ही अट वाचून प्रथम आदर वाटतो, मग शंका येते. लष्कराला कुलपांची वाण थोडीच होती! 2007 साली अमेरिकेच्या मानक संस्थेने ‘जीसीएम’ या दुसऱ्या पद्धतीला मान्यता दिलेलीच होती. उलट पेटंटच्या धास्तीने निरुपद्रवी कामासाठीही पुष्कळांनी ओसीबी टाळली. 2021 साली रोगावे यांनी ती पेटंटे सोडून दिली.

मग ही धडपड वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. 2013 साली एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून अमेरिकन सरकारची सामान्य माणसांवरील पाळत जगापुढे आली. 2015 साली ऑकलंड येथील व्याख्यानात रोगावे यांनी आपल्याच व्यवसायबंधूंना जाब विचारला. कूटशास्त्र सत्तेची फेरमांडणी करते, म्हणून ते मुळातच राजकीय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपण सुंदर कोडी सोडवीत बसलो आणि पाळतीला मात्र फारसा अडसर घातला नाही, ही त्यांची खंत. अण्वस्त्रांविरुद्ध 1955 साली रसेल व आइन्स्टाइन यांनी काढलेल्या आवाहनाचे स्मरणही त्यांनी करून दिले.

परवान्यातील अट शेवटी येते आणि तोवर उशीर झालेला असतो. खरी निवड, कोणता प्रश्न हाती घ्यावा, ही पहिल्याच दिवशी होते. आपल्या घरची मुले संगणकशास्त्र शिकून नोकरीला लागतात, तेव्हा पगार किती हे आपण विचारतो. काम कशाचे, हे क्वचितच.

आक्षेप असा की तेच कुलूप गुन्हेगाराचा मजकूरही झाकते. तो खोटा नाही. अपहृत मुलाच्या आईसमोर उभे राहून त्याचे उत्तर देणे मला जमणार नाही. तरीही एकाचे पत्र उघडता यावे म्हणून सर्वांचीच कुलपे कच्ची ठेवावीत, हे त्या आईच्या नावानेही मला मान्य करवत नाही.