ओझें कोणाचें ?

स्पेन देशांतील सांतियागो नगरीं प्रेषित याकोब याची कबर आहे, या श्रद्धेनें हजारांहून अधिक वर्षें यात्रेकरू पायीं येत आहेत. १९८७ सालीं युरोपच्या परिषदेनें हा मार्ग सांस्कृतिक मार्ग म्हणून जाहीर केला. निदान १०० किलोमीटर चालून येणाऱ्या यात्रेकरूस प्रमाणपत्र मिळतें. आतां कित्येक जण पैसे देऊन वाटाड्या घेतात. त्यांचें सामान गाडीनें पुढील मुक्कामीं जातें. ही यात्रा खरी काय ?

वाटाड्या घेणें हा दोष नव्हे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत मोहफुलें वेंचावयास शहाणा मनुष्य एकटा जात नाहीं. वाघाचें भय असतें, आणि जाणत्याच्या मागें चालण्यांत लाज नाहीं. म्हाताऱ्याचें गांठोडें दुसऱ्यानें घेतलें म्हणून त्याची यात्रा उणी होत नाहीं.

मग उणें कोठें पडतें ? ओझें उतरल्यानें मोकळा झालेला हात कशाकडे वळतो, तेथें, असें आम्हांस वाटतें. तो थकलेल्या सोबत्यास धरील, तर यात्रा खरी. केवळ प्रमाणपत्र धरील, तर पाय चालले, मन घरींच राहिलें.

वाचकहो, रानांतून परततांना आपणही मागें वळून पाहावें : आपले हात मोकळे, आणि मागून येणारीच्या डोक्यावर मोळी, असें तर नाहीं ना ?